वरच्या वहिनींचा देव

आमच्या वरच्या वहिनींना दोडका घ्यावा की गिलकं, हे ठरवता येत नसे. हसू नका, हसायचं ते सगळं मी आधीच हसून घेतलंय. कोटऱ्याला आमच्या दारात भाजीची गाडी यायची आणि साठीला टेकलेली ही बाई एका हातात दोडका, दुसऱ्या हातात गिलकं धरून पाच-पाच मिनिटं उभी राहायची. भाजीवाला कंटाळून म्हणायचा, "आंटीजी, दोनों ले लो." मग त्या वळून माझ्याकडे बघायच्या. मी म्हणायचे, "गिलकं घ्या." की घेऊन वर. पुढे पुढे तर सकाळी खाली येऊन विचारू लागल्या, "ताई, आज केस धुवू का?"

मी तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई. माझ्याकडे उत्तर तयारच असायचं. "धुवा," मी सांगायचे, "पण दुपारच्या आत. नाहीतर सर्दी होऊन बसेल." आता वहिनींना जाऊन वर्ष होईल, वरच्या खोल्या अजून रिकाम्याच आहेत, तेव्हा कबूल करायला हरकत नाही. त्यांनी मला विचारलेलं मला फार आवडायचं.

वहिनी पूर्वी शहराच्या दुसऱ्या टोकाला, इंद्रपुरीला राहत. यजमान कारखान्यात नोकरीला, सोलापुराकडून बदली होऊन आलेले. परका गाव, परकी भाषा, पदरात लहान मुलगा. अशात एका शेजारणीनं त्यांना सत्संगाला नेलं. ती मंडळी स्वतःला 'परिवार' म्हणवत आणि त्यांच्या मुख्य बाईंना सगळे दीदी म्हणत. यजमानांना टायफॉइड झाला तेव्हा परिवारातल्या बायकांनी महिनाभर डबा पोचवला, मुलाचा अभ्यास घेतला. मी एकदा त्या लोकांना चार शिव्या हासडल्या, तर वहिनींनी मला थांबवलं. म्हणाल्या, "ते वाईट असते तर पहिल्याच दिवशी मी उठून आले असते, ताई. चांगले होते, म्हणून तर बावीस वर्षं गेली."

परिवारात प्रत्येक गोष्ट चिठ्ठी लिहून विचारायची असे. मुलाला कुठल्या शाळेत घालू, दिवाळीला माहेरी जाऊ का, जिन्याखाली न्हाणीघर बांधू का. दीदी चिठ्ठीच्या मागे उत्तर लिहून पाठवायच्या, बहुतेक वेळा एकाच शब्दात. मग एके वर्षी आदेश आला की घरात परिवारानं दिलेली एकच तसबीर राहील, बाकीचे देव केंद्रावर जमा करायचे. वहिनींनी लग्नात गौरीहर पुजताना आईनं हातात दिलेली अन्नपूर्णा, अंगठ्याएवढी, पितळेची, पंच्यात गुंडाळली आणि स्वतःच्या हातानं नेऊन दिली. हे सांगताना त्या आपल्या तळहाताकडे बघत राहिल्या होत्या. मी विचारलं, "अहो, मागितली नाहीत परत?" म्हणाल्या, "मागितली की. असलं काही आमच्याकडे नाही म्हणाले."

त्या बाहेर कशा पडल्या, ते मला हळूहळू कळलं. यजमान वारले. परिवारात मेलेल्या माणसासाठी रडायचं नसतं, रडणं म्हणजे श्रद्धा कमी. वहिनी बारा दिवस रडल्या नाहीत. तेराव्या दिवशी यजमानांचा चष्मा पुसून ठेवताना रडू आलं आणि सुनेनं ते केंद्रावर सांगितलं. रविवारच्या सभेत दीड-दोनशे माणसांपुढे उभं राहून त्यांना माफी मागावी लागली. मागितली. घरी आल्या, दोन पिशव्या भरल्या आणि एका ओळखीच्या बाईंकडून आमच्या वरच्या दोन खोल्यांचा पत्ता घेऊन कोटऱ्याला आल्या. मुलगा आणि सून परिवारातच राहिले. सोडून गेलेल्याशी बोलायचं नाही, असा तिथला नियम. एकदा त्या इंद्रपुरीच्या बाजारात मुद्दाम जाऊन उभ्या राहिल्या, तर मुलानं त्यांना पाहून स्कूटर वळवली. त्या दिवशी घरी आल्यावर मला फक्त एवढंच म्हणाल्या, "बारीक झालाय."

मला वाटायचं, बाईला मुलगा हवा असेल. हवा तर होताच. पण त्यांनी तोंडानं मागितलं ते वेगळंच. एकदा गच्चीवर कुरडया वाळत घालताना म्हणाल्या, "ताई, मला माझा देव परत हवाय. त्यांचा नको. लहानपणी आईच्या मांडीवर बसून ज्याला 'जेजे' करायचे, तो." झालं असं होतं की हात जोडले की डोळ्यांपुढे ती तसबीर यायची आणि तोंड उघडलं की परिवाराची प्रार्थना आपोआप सुरू व्हायची. म्हणून त्यांनी हात जोडणंच सोडलं होतं. पूर्वेच्या भिंतीशी एक रिकामा पाट मांडलेला, त्यावर काही म्हणजे काही नाही. रोज अंघोळ करून त्या पाटासमोर अर्धा तास बसायच्या, हात मांडीत, तोंड बंद. मला ते बघवत नसे. एवढी देवभोळी बाई आणि देवाशी बोलायची चोरी.

आता मी गप्प बसणाऱ्यातली नाही. जवाहर चौकाजवळ आमचं बायकांचं भजनी मंडळ होतं, तिथे त्यांना ओढून नेलं. दोन गुरुवार बरे गेले. तिसऱ्या गुरुवारी आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "सगळ्यांनी डोळे मिटा आणि मनातलं सगळं देवाला सांगून टाका." आम्ही मिटले. उघडले तर वहिनी जागेवर नाहीत. मी बाहेर धावले. त्या बसथांब्यावर उभ्या होत्या, अनवाणी, चपला आतच राहिलेल्या. परिवारात डोळे मिटायला लावून दीदी रांगांतून फिरायच्या आणि कुणाच्याही डोक्यावर हात ठेवून सांगायच्या, हिच्या मनात खोट आहे. हे मला त्या थांब्यावर कळलं. कळूनही मी त्यांना रागावलेच, की अहो, आमच्या मंडळात कोण तुमच्या डोक्यावर हात ठेवणार आहे? त्या म्हणाल्या, "कोणी नाही. मला माहीत आहे. पायांना माहीत नव्हतं."

मग मी त्यांना मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तरुण मुलगी, फार गोड बोलायची. पहिल्या दिवशी वहिनी बाहेर आल्या त्या वैतागून. "ताई, ती काही सांगतच नाही. मी विचारलं, देवाला काय नाव द्यावं, तर म्हणते, आपको क्या लगता है? मी विचारलं, पुन्हा कधी येऊ, तर तेच. मला काय वाटतं हे मला कळत असतं तर मी कशाला आले असते?" आम्ही दोघी रिक्षात हसत आलो. पण त्या दर पंधरा दिवसांनी जात राहिल्या, आणि तीन-चार महिन्यांनी एका सकाळी मी गाडीवर बटाटे निवडत असताना त्यांनी माझ्याकडे न बघता दोडके घेतले. मी म्हटलं, "दोडके जून आहेत हो." म्हणाल्या, "असू देत." मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगायचं तर जरा झोंबलंच.

आणि मग मी ती चूक केली. चैत्रात आमच्याकडे गौर बसते, हळदीकुंकू असतं. माझ्या मनानं घेतलं की यंदा वहिनींचा देव बसवून टाकायचा. चौकात जाऊन पितळेची अन्नपूर्णा आणली, गुरुजींना बोलावलं, चार बायका जमवल्या आणि वहिनींना ऐनवेळी वरून खाली बोलावून पाटावर बसवलं. गुरुजी सांगतील तसं त्यांनी सगळं केलं. पाणी सोडा, सोडलं. फूल वाहा, वाहिलं. चेहऱ्यावर काही नाही. बायका म्हणाल्या, किती गं पुण्य लागलं तुला, आणि मी मिरवून घेतलं. सगळ्या गेल्यावर आमचे हे चष्मा पुसत म्हणाले, "तिकडची दीदी सुटली, तर इकडची भेटली." मी त्यांना दुपारचा चहा दिला नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी ती मूर्ती पंच्यात गुंडाळून खाली घेऊन आल्या. टेबलावर ठेवली. मी म्हटलं, "का? आवडली नाही?" त्या हळूच म्हणाल्या, "आवडली की नाही हे मला कळायच्या आत तुम्ही बसवून मोकळ्या झालात, ताई." मी भडकले. बरं करायला जावं तर हे फळ, असं काहीबाही बोलले. वर, तुम्हाला चांगलं कळत असतं तर बावीस वर्षं तिथे कशाला काढली असती, हेही बोलले. तोंडातून गेलं ते गेलं. त्या वर निघून गेल्या आणि त्यानंतर त्यांनी मला कधीच काही विचारलं नाही. केस धुवायचंही नाही. महिनाभर आमच्यात जेमतेम 'पाणी आलं का' एवढंच बोलणं होतं. वर त्यांची पावलं वाजायची, पाट सरकवल्याचा आवाज यायचा, मग अर्धा तास काहीच नाही. मी खाली ओट्याशी उभी राहून ऐकायचे. शेवटी मीच वर गेले आणि माझं चुकलं म्हणाले. त्यांनी मला खाली बसवलं आणि लिंबाचं सरबत दिलं. साखर जास्त झाली होती, पण मी बोलले नाही.

त्या पावसाळ्यात मुलगा आला. तीन वर्षांत पहिल्यांदा. वर गेला, दहा मिनिटांत खाली उतरला, मला नमस्कार न करता फाटकाबाहेर गेला. थोड्या वेळानं वहिनी खाली आल्या. त्यांना नात झाली होती. रविवारी केंद्रावर बारसं, नाव दीदी ठेवणार. आईनं यावं, आधी सभेत उभं राहून 'मी भरकटले होते, मला पदरात घ्या' एवढं म्हणावं, मग नातीला मांडीवर घ्यावं. नाही आली, तर हा विषय कायमचा बंद.

माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं. जा, असंच. खोटं बोला, मुलीला मांडीवर घ्या, आणि संध्याकाळच्या बसनं परत या. देवाला सगळं कळतं, तो काही रागावायचा नाही. मी ओठ घट्ट मिटून घेतले. त्यांनी विचारलं नव्हतं. माझ्या तुळशीशी उभ्या राहून त्या म्हणाल्या, "चारच शब्द आहेत. म्हणता येतील मला, पाठच आहेत. पण मग सोमवारी सकाळी मी पाटासमोर बसेन तेव्हा कुठल्या तोंडानं बसू?" आणि रडल्या, चांगल्या हुंदके देऊन रडल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

त्यानंतर वहिनी दोनच वर्षं होत्या. एका सकाळी उठल्याच नाहीत. मुलगा आला, सगळं रीतसर करून गेला. नातीला आणलं नव्हतं. मला वहिनींची आठवण येते, फार येते. आणि आठवतो तो बारशाचा रविवार.

त्या दिवशी दहाच्या सुमारास मी चहा घेऊन वर गेले. म्हटलं, आज बाईला एकटं सोडू नये. दार लोटलेलं होतं आणि आत कुणाशी तरी बोलणं चाललं होतं. मला क्षणभर वाटलं, मुलगाच आला. फटीतून पाहिलं तर वहिनी एकट्याच, पाटासमोर मांडी घालून बसलेल्या, डोळे टक्क उघडे. मंत्र नव्हता, स्तोत्र नव्हतं, कुणाची प्रार्थना नव्हती. घरातल्या माणसाशी बोलावं तसं एकेरीत, जरा चिडूनच बोलत होत्या. मी चहा उंबऱ्याबाहेर ठेवला आणि आवाज न करता जिन्याकडे वळले. मागून ऐकू आलं ते असं.

"तुला कोण अडवतंय? तू तिथंही असतोस, मला ठाऊक आहे. मला नाही जाता येत, तर तू जा. घे तिला जरा मांडीवर. नीट धर हो, अजून मान धरत नसेल. आणि नाव काय ठेवलं, तेवढं मला येऊन सांग."