ऑटोक्लेव्हवाल्या मावशींची परीक्षा

ऑपरेशन थिएटरात काम करणाऱ्या माणसाचं तोंड दिवसभर मास्कमागं बंद असतं. बोलायचं सगळं आत साठत जातं, आणि एकदा मास्क उतरला की मग आवरत नाही! मी तर बावीस वर्षं थिएटर सिस्टर होते. मला नुसतं चहाला बोलावलंत तरी रात्रीचं जेवण घालूनच पाठवावं लागेल. म्हणून आज फक्त एका वर्षाचं सांगते.

आमचं रुग्णालय केजच्या बाजूचं, सहकारी. चेअरमन, संचालक मंडळ, ठराव, अनुमोदन, सगळं साखर कारखान्यासारखं. त्या वर्षी दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं, आणि आम्ही टँकरवर जगत होतो. नेमकी तेव्हाच चेअरमनसाहेबांनी नोटीस लावली. थिएटरच्या सगळ्या स्टाफनं दर गुरुवारी ट्रेनिंगला बसायचं. दिवाळीनंतर परीक्षा. नापास होईल त्यानं थिएटरची पायरी चढायची नाही!

मला स्वतःची काळजी नव्हती हो. काळजी होती चंद्रभागामावशींची. ऑपरेशनची हत्यारं दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करायचं मोठं मशीन असतं, ऑटोक्लेव्ह. ते मावशी चालवायच्या. वीस वर्षं. त्याला त्या 'मोठा कुकर' म्हणायच्या. हात असा की काटा न बघता नुसत्या आवाजावरून दाब सांगायच्या. पण शाळेत एक दिवस गेल्या नव्हत्या.

"नापास झाले तर मला कुठं टाकतेत ओ, सिस्टर?"

"लॉन्ड्रीत म्हणे."

"आवो, लॉन्ड्री तर पाण्यावाचून दोन महिने झाले बंद हाय!"

"तेच तर म्हणते मी."

मावशी खाली बसल्या. "मंजी घरी जा म्हना की सरळ," एवढंच बोलल्या.

*

पहिल्या गुरुवारी लातूरहून मॅडम आल्या. बाई हुशार, शिकवायची हौस दांडगी. भिंतीवर जंतूंची चित्रं दाखवली. एकाचे दोन, दोनाचे चार, वीस-वीस मिनिटांत दुप्पट! मी तर मनातल्या मनात कालची सगळी ऑपरेशनं आठवायला लागले.

मागून मावशींचा हात वर. "मॅडम, दुष्काळात बी वाढतेत का ओ?"

मॅडमना आधी प्रश्नच कळला नाही. मग म्हणाल्या, "हो मावशी, वाढतात."

"बगा की," मावशी शेजारणीला म्हणाल्या, "मानसाचीच कोंडी झालीय सगळी!"

*

दुसरा धडा हात धुण्याचा. ऑपरेशनआधी कोपरापर्यंत हात, पाच मिनिटं, वाहत्या नळाखाली. मॅडमनी ऐटीत नळ सोडला. नळातून फुस्स! आमच्याकडं तेव्हा निर्जंतुक पाण्याची बाटली असायची, मावशी धार धरायच्या आणि डॉक्टरसाहेब ओरडायचे, "बारीक! बारीक धार!" ती बाटली काय ट्रेनिंगला मिळणार?

मग मॅडमनी पाण्यावाचूनच शिकवलं. आम्ही चौदा जणी-जणं हात वर करून कोरडेच चोळतोय, बोटांच्या बेचक्या, अंगठे, मनगटं. तेवढ्यात चेअरमनसाहेब दारात. चप्पल बाहेर काढली, हात जोडून मागं उभे राहिले आणि माझ्या कानात म्हणाले, "कुनाची आरती चाललीय?"

*

आता पाण्याचंच निघालं म्हणून सांगते. मॅडम म्हणाल्या, ऑटोक्लेव्हला टँकरचं जड पाणी चालत नाही, आत खडूसारखा थर धरतो, मशीन खराब होतं. मशीनला डिस्टिल्ड पाणीच हवं.

झालं! विषय संचालक मंडळात. आणि आमच्या मंडळातला प्रत्येक जण शेतकरी, प्रत्येकाला आपली विहीर बायकोपेक्षा प्यारी. "डिस्टिल बिस्टिल कशाला आनायचं? माझ्या हिरीचं पानी लई गोड हाय!" आष्टीकडच्या संचालकांचं निम्मं सासर घाटनांदूरला, तिथलं पाणीही स्पर्धेत उतरलं. पुढच्या बैठकीला टेबलावर पाच बाटल्या. चेअरमनसाहेबांनी पाचही पाण्यांचा घोट घेतला, तोंडात खुळखुळवला, आणि हात वर करून मतदान झालं! घाटनांदूरच्या विहिरीचं पाणी हलकं असल्याचा ठराव चार विरुद्ध एक मतांनी मंजूर.

मी सांगत होते हो, चवीवर नसतं ते. "सिस्टर, बहुमत हाय," चेअरमनसाहेब म्हणाले.

आठ दिवसांत मशीनच्या आत पांढरा थर. मावशी डोकं आत घालून चिंधीनं घासत बसल्या. "ह्या कुकरला मत द्यायचा अधिकार न्हवता वाटतं?" आतूनच विचारलं त्यांनी. दाबाचा काटा मात्र तेव्हापासून मधेच अडकायला लागला, आणि माझा जीव त्या काट्याला टांगला तो टांगलाच.

*

खंडेनवमीचा किस्सा तर मी लेकीच्या लग्नातसुद्धा सांगितलाय. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा. शेतात कुळव-पांभर, गॅरेजात पाने, तसं थिएटरात कात्र्या-चिमटे. पूजेला हत्यारं स्वच्छ पाहिजेत, म्हणून चेअरमनसाहेबांनी सगळ्यात स्वच्छ ती मागवली. म्हणजे कुठली? ऑटोक्लेव्हमधून नुकतीच निघालेली! मी साडी नेसून यायला घरी गेलेते. येऊन बघते तर निर्जंतुक मोठा सेट पाटावर उघडा, प्रत्येक चिमट्याला हळद-कुंकू, वर झेंडूचं फूल.

पाण्याच्या टंचाईनं मशीन मोजक्या वेळाच लावायचो, त्यामुळं पोटाच्या ऑपरेशनचा तयार सेट तेवढाच. आणि प्रसाद वाटायच्या आत दारात प्रवासी जीप. ड्रायव्हरच स्वतः पेशंट, अपेंडिक्स फुटायला आलेलं, पोट धरून दुहेरी झालेला!

मावशींनी फूल काढलं, सेट धुतला, बांधला, मशीनमध्ये घातला. वाफ धरायची, दाब यायचा, वेळ भरायची, वाळायचं. घाई चालत नाही तिथं. आत टेबलावर माणूस कण्हतोय, बाहेर आम्ही सगळे काट्याकडं डोळे लावून. काटा अर्ध्यात अडकला. मावशींनी काचेवर बोटानं टिचकी मारली, तेव्हा हलला.

तशात चेअरमनसाहेब हळूच डॉक्टरसाहेबांना म्हणतात, "डॉक्टर, हळद तर जंतुनाशकच असती ना? तशीच वापरली तर?"

डॉक्टरसाहेबांनी त्यांच्याकडं शांतपणे बघितलं. "वापरू की. आधी तुमच्यावर वापरून बघू का?"

जीपवाला वाचला. पुढं कित्येक वर्षं रुग्णालयाच्या माणसांना तो पुढच्या सीटवर बसवायचा.

*

परीक्षा जवळ आली तशी मी मावशींना चहाच्या सुट्टीत शिकवायला लागले. एकशे एकवीस डिग्री, पंधरा पौंड दाब. त्या पुटपुटत फिरायच्या. एकदा पुटपुटता पुटपुटता गच्च भरून मशीन लावलं, वाफेला फिरायला जागाच नाही, सगळे सेट ओले निघाले. एकदा दार लवकर उघडलं आणि मनगट भाजून घेतलं. वीस वर्षांत कधी नाही ते!

मी मलम लावत होते तर त्यांचे डोळे भरले. "शिकायच्या आदी मी चुकत न्हवते, सिस्टर. आता हात लावायचं भ्या वाटतंय."

त्यांची धास्ती बघून मीही दचकून दचकून काम करायला लागलेते. त्या रजेवर गेल्या की त्यांचं काम मी करायची, आणि रात्री अंथरुणात उठून बसायची, अमुक केलं का, तमुक केलं का!

*

आणि मग परीक्षा. बाहेरून एक सर आलते, बारीक चष्मा, आवाज अगदी हळू. बाकीच्यांनी पेपर लिहिला. मावशींची तोंडी घ्या म्हणून मॅडमनी त्यांना विनवलं. थिएटरात आम्ही सगळे भिंतीला लागून उभे, चेअरमनसाहेब खुर्चीत.

"मावशी, तापमान किती लागतं?"

"एकशे..." मावशींच्या कपाळावर घाम. "एकशे... येतंय ओ मला... एकशे..."

मी ओठांनी सांगायला लागले. सरांनी माझ्याकडं बघितलं, मी ओठ मिटले. चेअरमनसाहेबांनी घड्याळात बघून सुस्कारा टाकला. माझ्या डोळ्यापुढं ती बंद लॉन्ड्री आली.

सर म्हणाले, "राहू द्या. प्रात्यक्षिक करू." भिंतीतल्या कपाटात दुसऱ्या दिवशीच्या ऑपरेशनांचे तीसेक सेट लावलेले होते, हिरव्या कापडात बांधलेले. प्रत्येकावर चिकटपट्टी. त्या पट्टीवरच्या तिरप्या रेघा वाफ लागली की काळ्या होतात. "यात मी एक खोटा सेट ठेवलाय. मशीनमध्ये गेलेलाच नाही. पट्टी मात्र जुनी, काळ्या रेघांची चिकटवलीय. शोधा."

मावशींनी पदर खोचला. हात धुतले. आणि सांगते, ती बाई कपाटाशी गेली तशी तिची मानच ताठ झाली! एकेक सेट दोन्ही तळव्यांवर घ्यायच्या, उलटा करायच्या, कोपऱ्याची घडी चाचपायच्या. नवव्या सेटला थांबल्या.

"ह्यो. कापडानं वाफ खाल्लेली न्हाई. घडी बी माझी न्हाई."

सर हसले. "बरोबर! शाब्बास मावशी. पास तुम्ही."

मी टाळी वाजवली. डॉक्टरसाहेबांनी वाजवली. मॅडम तर रडायलाच लागल्या. "बसा आता," चेअरमनसाहेब म्हणाले, "चहा सांगतो."

"बसते की. पन सुरू केलंय तर समदे बघू द्या."

आणि मावशी बघत राहिल्या. मधली रांग झाली. खालची रांग. चहा आला, ठेवला, थंड झाला. सगळ्यात खाली, अगदी मागं, पट्टीची बाजू भिंतीकडं असलेला एक सेट त्यांनी ओढून काढला. उलटा केला. पट्टी पांढरी फटक. एक रेघ काळी नाही.

"आन ह्यो दुसरा," म्हणाल्या, आणि सरांपुढं ठेवला.

सरांचं हसू गेलं. चष्मा काढून त्यांनी सेट जवळून बघितला. "मी एकच ठेवला होता."

बांधणाऱ्यानं सेटवर सही करायची असा आमचा नियम होता. मावशींना लिहिता येत नसे, त्या पेनानं टिकलीएवढा गोल काढायच्या. या सेटवर गोल नव्हता. मावशींनी तो उचलला, सगळ्यांच्या मधून माझ्याकडं आल्या आणि माझ्या हातात दिला.

"सिस्टर, ह्याच्यावर अक्षरं हायत. मला न्हाई वाचता येत. वाचा बरं, कुनाची सही हाय?"

वाचायची गरज नव्हती. अक्षर माझं होतं.