रिपोर्ट नॉर्मल आला

बुद्धभूषण गांगुर्डे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कोळसा विभागात कामाला. कुणाला नकोशी झालेली रात्रपाळी हटकून याच्या गळ्यात पडायची आणि या भल्या माणसाला नाही म्हणणं कधी जमलंच नाही. घरी यायचा तो फक्त आडवं व्हायला. बायकोला, संजनाला, त्यानं वर्षभर जवळ घेतलं नव्हतं. इच्छाच होत नव्हती. बाहेर कुणीतरी आहे, असं संजनाच्या मनानं घेतलं. माहेरी निघून जाईन, असं तिनं तोंडावर सांगितलं, तेव्हा कुठे हा पठ्ठ्या डॉक्टरकडे गेला.

डॉक्टरांनी टेस्टोस्टेरॉनची तपासणी लिहून दिली. "सकाळी, उपाशीपोटी रक्त द्या." यानं अगदी तसंच केलं. रात्रपाळी संपवून, चहाही न घेता, तडक नाशिकरोडच्या लॅबमध्ये जाऊन हात पुढे केला.

पातळी फारच कमी निघाली. आपण पुरुषच नाही की काय, असं त्याच्या मनानं घेतलं. संजनाला मात्र रिपोर्ट बघून रडू आलं ते सुटल्यासारखं. "आजार होता होय? मग सांगायचं ना मला!"

डॉक्टर चिडले. "रात्रभर जागून रक्त दिलंत? ती तुमची सकाळ झाली का? रजा काढा, रात्री नीट झोपा, मग पुन्हा द्या. एका रिपोर्टवर काही ठरत नसतं."

त्यानं रजा काढली. झोपायचा, पण भिंतीकडे तोंड करून. जवळ गेलो आणि तो रिपोर्ट खरा ठरला तर, या धास्तीनं तो कूसच बदलायचा नाही. आजारी माणूस म्हणून संजना त्याच्या अंगावर पांघरूण घालायची.

दुसरा रिपोर्ट नॉर्मल आला. बुद्धभूषण पेढे घेऊनच घरात शिरला. "संजना, मला काहीच झालेलं नाही!"

तिनं पेढा घेतला नाही.

"काहीच नाही? रजेत तर झोपही झाली होती तुमची. मग माझ्याकडे पाठ का?"

खरं कारण त्याला ठाऊक होतं. पण 'मला भीती वाटत होती' एवढं साधं वाक्य काही त्याला बोलता येईना; तो पेढ्यांचा पुडा पुन्हा बांधत बसला.

"नाव तरी सांगा तिचं," ती म्हणाली.