पाचव्या मजल्यावरचं मत

कल्पना करा, तुम्ही सार्वमताला मत द्यायला शाळेच्या वर्गात कापडी आडोशामागे उभे आहात. हातातला कागद विचारतोय की देशाला कर्ज देणाऱ्या तीन संस्थांनी मांडलेली, अटींची दोन कागदपत्रं तुम्हाला मान्य आहेत का. ती तुम्ही कधी पाहिलेलीही नाहीत. वरचा चौकोन 'नाही'चा, खालचा 'हो'चा. आता करा खूण.

अथेन्सच्या किप्सेली भागात सव्वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या स्तामातिसला ते जमेना. २०१५चा जुलै, ग्रीस कर्जात बुडालेला, आणि बँका बंद होऊन आठवडा झाला होता. त्याच्याकडच्या एका इमारतीची लिफ्ट ऐन तेव्हाच बंद पडली. ती चालवणारा नवा इलेक्ट्रॉनिक बोर्ड इटलीतल्या मिलानहून यायचा होता. रहिवाशांची वर्गणी खात्यात तयार होती, पण देशाबाहेर पैसे पाठवायला बंदी. पाचव्या मजल्यावर कालिरोईबाई अडकल्या होत्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या.

मतदानाच्या सकाळी त्याने आणि तिघा शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीसकट उचललं.

"हळू रे! मी काय वॉशिंग मशीन आहे?"

"वॉशिंग मशीन गप्प असतं, बाई."

"स्तामातिस, इटलीत पण युरोच चालतो ना?"

"हो."

"मग आपला युरो तिकडे का जात नाही? त्याला काय पासपोर्ट लागतो?"

तिसऱ्या मजल्यावर सगळे दम खायला थांबले. बाई म्हणाल्या, "कुठे खूण केली की लिफ्ट चालेल, तेवढं सांगा."

"'हो' म्हणा. बँका लगेच उघडतील," खाटीक पांदेलिस म्हणाला.

"आणि पेन्शन आणखी कापतील!" खुर्चीचा मागचा पाय धरलेला शेजारी खेकसला. "'नाही' म्हटलं की कर्ज देणारे नमतात."

"नमतात? युरोतून हाकलतात!"

"सरकार म्हणतंय, हाकलणार नाहीत."

"आणि हाकलणारे काय म्हणतायत, ते ऐकलंस?"

खुर्ची एका बाजूला कलली. "आधी मला खाली न्या," बाई ओरडल्या, "मग खुशाल मारामाऱ्या करा!"

शाळेच्या दारात त्यांनी स्तामातिसची बाही धरली. "तुला यंत्रातलं कळतं. तू सांग."

यंत्रातलं त्याला खरंच कळत होतं. पण आठवडाभर कुणीतरी दटावतंय असं वाटून तो वैतागला होता, म्हणून म्हणाला, "नाही."

दोघांनी वरच्या चौकोनात खूण केली. संध्याकाळी 'नाही' मोठ्या फरकाने जिंकलं. बाईंचा लगेच फोन आला. "जिंकलो की रे! बोर्ड कधी येतोय?"

आठ दिवसांनी सरकारने कर्ज देणाऱ्यांच्या अटी मान्य केल्या, आणि त्या आधीपेक्षा कडक होत्या असं सगळे म्हणत होते. बँका बंदच. स्तामातिस पाच मजले चढून बाईंना सांगायला गेला. म्हणाला, आता पैसे बाहेर पाठवायच्या परवानगीचा अर्ज सरकारी समितीकडे पाठवलाय, किती दिवस लागतील कुणालाच माहीत नाही.

बाईंनी कॉफी त्याच्यापुढे सरकवली. "आपण जिंकलो होतो ना?"

"हो."

"मग मान्य कुणी केलं?"

"आपणच निवडून दिलेल्यांनी."

त्याने कॉफीचा घोट घेतला, कप खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"बाई, मला एवढंच कुणीतरी सांगावं," तो म्हणाला. "आपण सगळ्यांनी 'हो' म्हटलं असतं, तर यापेक्षा वेगळं काय झालं असतं?"