चक्कर आली, पडले

डॉक्टरेटच्या दुसऱ्या वर्षी माझा पुढचा दात तुटला. उपनगरातल्या एका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात, भर ओपीडीच्या वेळेला, एका माणसाच्या कोपराने.

क्लिनिकल सायकॉलॉजीत पीएच.डी. म्हणजे नुसता प्रबंध नव्हे. पेशंट बघायचे आणि प्रत्येक पेशंटबद्दल गाईडसमोर बसून बोलायचं, आपल्याला काय वाटलं तेसुद्धा. आमच्या गाईड मॅडम कमी बोलणाऱ्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं होतं, दाराजवळची खुर्ची आपली, टेबलावर पेपरवेट ठेवायचा नाही, गळ्यात ओढणी नको. आम्ही मुली बाहेर येऊन हसलो होतो. कोण मारणार होतं आम्हाला?

ती पेशंट मुलुंडहून यायची. बालवाडीत शिकवणारी, चाळिशीच्या आतबाहेरची. डोकं सतत दुखायचं, तपासण्यांत काही निघालं नव्हतं, म्हणून आमच्याकडे पाठवलेली. नवरा दर वेळी सोबत. कडक इस्त्रीचा शर्ट, सोसायटीचा सेक्रेटरी. मला बघून उठून उभा राहायचा. म्हणायचा, "हिला जरा समजवा मॅडम. फार विचार करते." मग बाहेर बाकावर मोबाइल बघत बसायचा.

बरेच दिवस ती डोकेदुखीच सांगत राहिली. एकदा बोलता बोलता थांबली, अंबाड्याची पिन काढली आणि मान खाली घातली. मागच्या बाजूला रुपयाएवढी जागा केस उपटून लाल झाली होती. "इथे दुखतं," ती म्हणाली.

त्यानंतर बोलायला लागली. पट्टा, गरम तवा, संडासात कोंडणं. सगळं अशा आवाजात, जणू वर्गातल्या मुलांची हजेरी घेतेय. मी मॅडमना सांगितलं. तिला घाई करू नकोस, पण बाहेर पडायची वेळ आलीच तर कुठे जायचं, कुणाला फोन करायचा हे तिच्याशी ठरवून ठेव, असं त्या म्हणाल्या. त्या दिवशी मी तेच करत होते. तिचा भाऊ बोरिवलीला राहायचा. त्याच्याकडे जाता येईल का, एवढंच विचारलं.

आमच्या खोल्या म्हणजे प्लायवूडची पार्टिशनं, छतापर्यंत न पोचलेली. आम्ही हळूच बोलायचो. पण ती रडायला लागली आणि रडताना आवाज चढला, "भाऊ घेईल हो मला, पण ह्यांनी तिकडे येऊन तमाशा केला तर?"

दार उघडलं. नवरा आत आला. शांतपणे कडी लावली.

"भावाकडे जायचंय?" त्याने विचारलं, आणि तिच्या केसांत हात घालून तिचं डोकं स्टीलच्या कपाटावर आपटलं. एकदा, परत, परत. कपाट ढोलासारखं वाजत होतं. ती ओरडली नाही. तिला सवय होती ते मला तेव्हा कळलं.

मी त्याच्या हाताला लटकले. अक्षरशः लटकले, वजन ते केवढं माझं. त्याने मागे न बघता कोपर मारलं. तोंडात काहीतरी कटकन झालं आणि मी खाली. मग तो वळला आणि त्याने माझ्या पोटात लाथ घातली. "घर फोडतेस? शिकून हेच करता तुम्ही?" दुसरी लाथ बरगडीत बसली. श्वासच येईना. मी त्याच्या पायाला मिठी मारली आणि पँटवरून कडकडून चावले. तो किंचाळला. बाहेरून लोक दार ठोकत होते. सिक्युरिटीवाल्याने खांदा मारून कडी उखडली, तेव्हा तो माझे केस धरून मला झटकत होता.

चौघांनी धरल्यावर त्याने शर्ट पँटमध्ये खोचला आणि म्हणाला, "घरगुती मामला आहे."

चौकीत आम्ही तिघंही होतो. माझ्या तोंडात कापूस. तिच्या कपाळावर टाके. हवालदाराने तिला विचारलं, "काय झालं ताई?" नवरा दोन हातांच्या अंतरावर बसला होता. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "चक्कर आली, पडले. कपाट लागलं. ह्या मॅडमना माझाच धक्का लागला."

मी कापूस काढून तिच्याकडे बघत राहिले. तिने पदर सावरला आणि नवऱ्यासोबत घरी गेली.

मी माझी तक्रार दिली. रुग्णालयाच्या ऑफिसातून निरोप आला, मिटवून टाका, उगाच नाव खराब होतं. मॅडम माझ्यासोबत वर गेल्या आणि म्हणाल्या, "दात तिचा तुटलाय, मिटवायचं का ते तीच ठरवेल." विषय तिथे संपला. त्या रात्री नाहूरला घरी आल्यावर आईने माझं तोंड बघून बर्फ आणला. पप्पा जालन्याकडच्या खेड्यातून मुंबईत आलेले, सरकारी ऑफिसात कारकून झालेले, आयुष्यात कुणाला अरे-तुरे न केलेले. ते चपला घालायला लागले. "पत्ता दे त्याचा." आईने त्यांना धरून ठेवलं. ते दाराशी उभे राहून म्हणाले, "आपण शिकलो ते मार खायला नाही गं."

पुढच्या सोमवारी मॅडमनी विचारलं, "राग कोणाचा येतोय?"

"त्याचा. अजून कोणाचा?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांचं पेन खाली ठेवणं फार वाईट.

"तिचा," मी म्हणाले. "तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. स्वप्नात वाजवते पण. हात दुखेपर्यंत."

"कळलं," मॅडम म्हणाल्या. "तो शेजारी बसला होता. तिथून ती कोणाच्या घरी जाणार होती?"

मला उत्तर माहीत होतं. राग तरीही गेला नाही.

दिवाळी झाल्यावर ती आली. एकटी. डावा हात प्लास्टरमध्ये. मॅडम म्हणाल्या, नको वाटत असेल तर मी बघते. मी म्हणाले, मी बघेन.

ती बसली. "तुमची केस अजून आहे का?"

"आहे."

"मग मला खरं सांगायचंय." तिचा आवाज पहिल्यांदाच कापत होता. "मुलगी मध्ये पडली. नववीतली आहे हो. तुमच्यासारखीच त्यांच्या हाताला लटकली. तिला ओट्यावर फेकलं त्यांनी. ती उठेपर्यंत मला वाटलं, मेली. ती उठल्यावर मी कुकरचं झाकण घेतलं आणि त्यांना मारलं. तोंडावर मारलं. थांबलेच नाही. शेजारी आले तेव्हा थांबले." मग प्लास्टरकडे बघून म्हणाली, "हे त्याच्या आधीचं."

भाऊ बाहेर बाकावर बसला होता, भाचीला घेऊन. त्याच दिवशी आम्ही पोलिसांत गेलो. या वेळी तिने सगळं सांगितलं, तव्यापासून. लिहिणारी महिला पोलीस मध्ये दोनदा उठून पाणी पिऊन आली. नवऱ्याला अटक झाली, मग जामीन मिळाला. एकदा तो बोरिवलीला बिल्डिंगखाली येऊन शिव्या देत उभा राहिला, तर भावाने आणि आजूबाजूच्या पोरांनी त्याला असा धुतला की परत आला नाही. कायद्याने चूक. मला ऐकून बरं वाटलं, आणि तेही मी मॅडमना सांगितलं.

केस चालू आहे. माझा प्रबंध झाला, खोटा दात बसला. ती आता चारकोपला शिकवते, मुलगी कॉलेजात आहे. डोकं अजून कधीकधी दुखतं म्हणे.

आमच्या शेवटच्या भेटीत, मुलगी दहावीला असताना, तिने विचारलं, "चौकीत मी तसं बोलले, तेव्हा तुम्हाला माझा राग आला होता ना?"

"आला होता. खूप."

ती हसली. "मला पण तुमचा आला होता. म्हटलं, ही बया मध्ये कशाला पडली? दोन दणक्यांत संपत होतं, तुमच्यामुळे घरी जाऊन दुप्पट मार खाल्ला."

मग तिने पर्स उचलली, मुलीला क्लासला सोडायचं होतं.