देवीदासच्या सायकलचा दिवा

साठ सालानंतर अकोल्याच्या जुन्या शहरात ज्यांनी भाजी घेतली, त्यांना पार्बताबाई आठवणारच. सायकल हाताने ढकलत आणायची. कॅरियरवर वांग्याचं पोतं, वर सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या. कुणी फार घासाघीस केली की जुडी त्याच्या हातातून परत घ्यायची. आणि भर उन्हात सायकलचा रॉकेलचा दिवा पेटलेला. आम्ही तिला येडी म्हणायचो. खरं कारण कळल्यावर सगळ्यांनी हसणं बंद केलं, असं लिहायला मला आवडलं असतं. काहींनी केलं.

सायकल तिच्या नवऱ्याची, देवीदासची. मोर्णा नदीच्या काठी दोघांचा भाजीचा मळा होता. देवीदास भलताच कायद्याचा माणूस. बिनदिव्याच्या सायकलीला दंड होतो, म्हणून हा चांदण्यातही दिवा लावून निघायचा. लोक चिडवायचे, "चांदणं पडलं ना बाप्पा, रॉकेल कायले जाळतं?" तो हसायचा आणि वात वर करायचा.

एका पहाटे भाजी घेऊन तो निघाला आणि मळ्यापासून हाकेच्या अंतरावर, समोरून येणाऱ्या खुशालराव शेटच्या कापसाच्या ट्रकनं त्याला उडवलं. पार्बता धावत आली तेव्हा सगळं संपलं होतं. सायकल वाकली होती, पण दिवा विझला नव्हता. आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या उशाशी दिवा लागतो. घरून आणायचा तर त्याला रस्त्यावर एकटं टाकून जावं लागणार. तिनं सायकलचाच दिवा काढला, त्याच्या उशाशी ठेवला आणि दिव्याचं तोंड दक्षिणेला केलं.

पोलीस आले ते उन्हं वर आल्यावर. हवालदार मोठा भाविक. त्यानं जोडे काढले, दिव्याला नमस्कार केला, त्याला वळसा घालून पंचनामा केला आणि लिहिलं, सायकलला दिवा नाही. खोटं त्यानं काहीच लिहिलं नाही.

पुढे भरपाईचा दावा लागला. ट्रकचा एक दिवा बंद होता, हे कोर्टात निघालंच. पण ड्रायव्हर म्हणाला, सायकलवाला अंधारात दिसलाच नाही. पार्बताचे वकील वामनराव हुशार. पंचनामा वाचून त्यांनी ठरवलं, दिव्याचा विषय आपण काढायचाच नाही, तिच्याजवळसुद्धा नाही. तिला बजावलं, "विचारतील तेवढंच बोला, बाई."

समोरच्या वकिलानं विचारलं, "पोलीस आले तेव्हा सायकलला दिवा होता का?"

शपथ घेतलेली. ती म्हणाली, "नव्हता."

निकाल अगदी मोजून मापून लागला. ट्रकला दोनांतला एक दिवा, सायकलला एकही नाही. सबब चूक निम्मी ट्रकची, निम्मी देवीदासची, आणि भरपाईही निम्मीच. कोर्टाच्या पायऱ्यांवर तिनं एवढंच विचारलं, "वकीलसायेब, त्यायची चूक कायची?"

"दिवा नव्हता ना, बाई."

"व्हता ना! म्याच काढला. त्यायच्या उशाशी ठेवला."

वामनराव नागपुरात शिकलेले, एरवी पुस्तकासारखं बोलायचे. त्या दिवशी ओरडले, "मंग मले कावून नाही सांगतलं?"

"तुमीच म्हटलं, इचारतीन तेवढंच बोला."

ते पायरीवर बसले. निकालानंतर सुचलेली गोष्ट म्हणून वरचं कोर्टही हसेल, हे त्यांना कळत होतं. मग ते तिलाही समजावून सांगावं लागलं. ती रडली ती तेव्हा. "ट्रकनं जीव घेतला," म्हणाली, "गुन्हेगार त म्याच केलं त्यायले."

मिळालेल्या पैशातून तिनं आधी सायकल सरळ करून घेतली आणि तो दिवा पुन्हा जागच्या जागी बसवला. तेव्हापासून तो विझू दिला नाही.

एकदा मोर्णेच्या पुलावर नवीन शिपायानं तिला अडवलं. "काय बाई, दुपारी दिवा?"

सारा जन्म तिनं नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं. सायकल त्याच्यापुढे उभी करून ती म्हणाली, "लिवून घे, बाप्पा. देवीदासच्या सायकलले दिवा हाये."