चार पिशव्यांचा एक लॉट

“कोणी ढवळलं हे? काका, हे कोणी ढवळलं?”

मॅडम अशा ओरडल्या की मुरगावच्या धक्क्याला लागलेल्या बोटींनी दोर सोडायला घेतले असतील. मी सिंकपाशी चाळणी धुवत होतो. टेबलावर पांढरा ट्रे होता आणि ट्रेमध्ये वाळवलेल्या चिखलाची राखाडी भुकटी, तिचा गोल चपटा ढीग. ढिगाचे पट्टीने चार भाग पाडलेले, इतके सरळ की गवंड्याने ओळंबा लावून बघावेत.

“मी,” मी म्हणालो. छाती पुढे काढून म्हणालो, हे आज लिहितानाही कानशिलं तापतात. “चारी पिशव्या एक केल्या, ढीग मारला, वाटे पाडले. आता चार पिशव्यांत परत भरतो. बघा, केसाचा फरक नाही.”

मॅडम सावंतवाडीकडच्या. एरवी माझ्याशी शुद्ध बोलायच्या, पण राग आला की घरची बोली बाहेर पडायची. “काका, ह्यां काय केल्यात तुमी? माझो जीव घेतल्यात!”

“तुम्हीच तर म्हणालात, हा एक लॉट आज करून टाका.”

“लॉट म्हणजे एका वेळी धुवायच्या पिशव्या हो! एक करायला कोणी सांगितलं?”

आता लॉट म्हणजे काय हे मला शिकवायचं? मी डिचोलीच्या खाणीवर बावीस वर्षं खनिजाचे नमुने काढले. ट्रकामागून ट्रक यायचे. प्रत्येकातून फावडंभर माल घ्यायचा, सगळा एक करायचा, ढीग मारायचा, माथा चेपायचा, पट्टीने चार वाटे करून चार पाकिटांत भरायचे. एक विकणाऱ्याचं, एक घेणाऱ्याचं, एक दोघांचं जुंपलं तर तिसऱ्याचं आणि एक कपाटात. ह्याला म्हणतात लॉट. जितका जास्त ढवळला तितका खरा. माझ्या लॉटवर चीनपर्यंत कोणी बोट ठेवलं नाही. मी ढिगाजवळ उभा राहून नाकाने लोखंडाचा टक्का सांगायचो, आणि यंत्राचं उत्तर वेगळं आलं तर यंत्र दुरुस्तीला पाठवायचे. हे मी पेडण्याच्या बाजारात कितीदा सांगितलं असेल. मॅडमनाही सांगितलं होतं. त्या नुसत्या हसल्या होत्या.

खाणी बंद पडल्या, दोन वर्षं घरी बसलो, आणि मग वास्कोच्या ह्या प्रयोगशाळेत कंत्राटी मदतनीस म्हणून लागलो. इथे ध्रुवाकडच्या समुद्राचा तळ येतो. जहाजावरून लांब नळी तळाच्या चिखलात खुपसतात, भरलेली नळी वर ओढतात आणि आतला चिखल वड्या पाडाव्यात तसा कापतात. एक वडी, एक पिशवी. खालची वडी जुनी, वरची नवी. गावात मी सांगून ठेवलं होतं की तो चिखल मीच जाऊन आणतो, आणि पिशवीचं तोंड पेंग्विन धरतो. प्रत्यक्षात मी वास्कोच्या पलीकडे बोटीने गेलो नाही. मला बोट लागते.

त्या चिखलात जीव असतात; चिखल चाळणीवर धुतला की ते मागे उरतात. एका पेशीचे, वाळूच्या कणाएवढे, पण कवच करून राहणारे. पहिल्या दिवशी मॅडमनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले तेव्हा वाटलं, आमच्या खाडीतले खुबे-शिंपले कोणीतरी मंत्र मारून बारीक केले आहेत. एक चकलीसारखा वेटोळं घालून, एक मक्याच्या कणसासारखा. कोणी चुन्याचं घर बांधतो, कोणी वाळूचे कण चिकटवून भिंत घालतो. थंड खाऱ्या पाण्यात एक जात नांदते. बर्फ वितळून गोडं पाणी आणि गाळ येऊ लागला की ती निघून जाते आणि तिच्या जागी दुसरी येते. वडीवडीतून कोण गेलं, कोण आलं ते मोजायचं, म्हणजे तिकडचं बर्फ कधी हललं ते कळतं. त्या काळी तिथे लिहून ठेवायला माणूस नव्हता. साक्षीदार म्हणाल तर हेच.

आणि मी पणजोबा, आजोबा, बाप आणि मुलगा एका पाटावर बसवून, कालवून, त्यांचे चार सारखे वाटे घातले होते.

मॅडम स्टुलावर बसल्या. ह्या एका नळीवर त्यांची तीन वर्षं गेली होती, तिच्यावरच त्यांची पीएचडी. नळीचा दुसरा अर्धा भाग दुसऱ्या तपासण्यांत संपला होता. पुन्हा चिखल आणायला जहाज कोण पाठवतो? त्यांनी ट्रेवर चिठ्ठी लावली, ‘वापरू नये’. चार वड्यांची जागा प्रबंधात मोकळी राहणार, असं स्वतःशीच म्हणाल्या. एवढं निभेल. मग मान वर करून त्यांनी विचारलं,

“आणि कालच्या चार?”

काल गुरुवार. काल मी ह्याच्याच खालच्या चार पिशव्या धुतल्या होत्या. कालही त्या दारातून “हा लॉट करून ठेवा” म्हणून गेल्या होत्या. कालचा माल धुऊन, वाळवून, चार बाटल्यांत भरून फळीवर होता. मी आधी ढवळून चार वाटे चार पिशव्यांत परत घातले असते, तरी बाहेरून काही कळलं नसतं. नंबर जागच्या जागी. धुवायला प्रत्येकातून सारखंच वजन घ्यायचं, त्यामुळे काटाही बोलणार नाही. आठ वड्या गेल्या तर मात्र मॅडमची नळी मधोमध तुटली. बदल नेमका तिथेच दिसणार होता.

“छे! काल?” मी म्हणालो. “देवीची शपथ! काल एकेक पिशवी अशी उघडली, जशी तान्ह्या पोराची दुपटी. चमचासुद्धा दर वेळी तीनदा धुतला. पुसला. फुंकर मारली.”

मॅडमनी नोंदवही पुढे ओढली.

“वहीत लिहिलंत?”

“वही कशाला? डोक्यात आहे सगळं.”

डोक्यात काही नव्हतं. काल वॉचमन दारात उभा होता आणि मी त्याला पेंग्विनाची गोष्ट सांगत होतो, एवढंच आठवत होतं. गोष्ट शब्दन् शब्द आठवत होती. हात काय करत होते, ते नाही.

त्या संध्याकाळी मी वास्कोची खोली बंद केली आणि नेहमीसारखा गावी निघालो. पणजी, म्हापसा, पेडणे. म्हापशाच्या स्टँडवर एकाने हाक मारली, “काय रे, पेंग्विन कसो आसा?” मी म्हणालो, “बरो आसा,” आणि पुढे बोललो नाही. तो बिचारा घाबरून माझ्या तब्येतीची चौकशी करायला लागला.

शनिवारी सकाळी बायको ओसरीवर दोन सुपं घेऊन बसली होती. एका सुपात गेल्या वर्षीचे उकडे तांदूळ, दुसऱ्यात यंदाचे. खडे वेचत होती. मी शेजारी बसलो, म्हटलं मदत करू. आणि मन मोकळं करायला तिला ध्रुवाकडचं सांगू लागलो. तिकडे सहा महिने सूर्यच नाही, पाणी एवढं गार की मासा घाबरून पोहतो, आणि तळाला हे एवढेसे जीव चुन्याची घरं बांधून...

“हें कितें केलां तुमी?”

मी खाली बघितलं. माझ्यासमोर तांदळाचा एकच ढीग होता. माथा चेपलेला. चार भाग पाडलेले. पट्टी नव्हती म्हणून तळहाताच्या कडेने.

“जुनें आनी नवें एक केलां! आतां शीत जातलें अर्दें कच्चें, अर्दें पेज! तुमचे हात बांदून दवरूंक जाय!”

ती आणखी बरंच बोलली. मी माझ्या हातांकडे बघत होतो. ते माझ्या मांडीवर शहाण्यासारखे पडले होते. मला न विचारता त्यांनी काम उरकलं होतं, आणि आवाजसुद्धा केला नव्हता.

दुपारी पान वाढलं. काही शितं दाताखाली कचकचत होती, काही जिभेवर विरघळत होती. मी तक्रार न करता पान साफ केलं. बायकोने विचारलं, “कितें जालां?” मी म्हणालो, “कांय ना.”

रविवारी मॅडमना तीनदा फोन लावला आणि घंटा वाजायच्या आत कापला. गप्प बसणं सोपं होतं. गप्प बसलो तर काय होईल, ते मला आता दिसत होतं. कालवलेला माल असेल तर चारी बाटल्यांत सारखेच जीव निघतील. मॅडम मोजतील आणि इमानदारीने लिहितील की चार वड्यांच्या काळात तिकडे काहीच बदललं नाही, बर्फ जागचं हललं नाही. ते छापून येईल. कुठला तरी माणूस कुठल्या तरी देशात ते वाचून खरं मानेल. आजवर मी हजार थापा मारल्या, पण त्या ऐकणाऱ्याला थाप आहे हे ठाऊक असायचं. ही पहिली अशी थाप, जी मॅडमच्या सहीने जाणार होती. आणि खरं सांगितलं तर? कंत्राट पुढच्या महिन्यात संपत होतं. ज्याला काल काय केलं ते आठवत नाही, अशा माणसाला कोण ठेवतो?

सोमवारी पहिल्या बसने निघालो. वाटेत तीन वेगवेगळ्या गोष्टी रचल्या. एकीत वीज गेली होती, एकीत मला ताप होता. तिसरीत मांजर होतं, पण प्रयोगशाळेत मांजर कुठलं, म्हणून तिसरी सोडली. पणजीला बस बदलताना पहिल्या दोन्हीही सोडल्या.

मॅडम सूक्ष्मदर्शकावर वाकल्या होत्या. हातात बारीक ब्रश. त्या कवचं एकेक करून बाजूला सारत होत्या. गुरुवारच्या चार बाटल्या समोर रांगेत.

“मॅडम,” मी म्हणालो. “शुक्रवारी मी शपथ घेतली ती खोटी. गुरुवारी मी ढवळलं की नाही, मला आठवत नाही. ढवळलंही असेल. माझे हात मला विचारत नाहीत.”

त्यांनी डोळा भिंगावरून काढला नाही.

“माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “म्हणून काल येऊन मोजल्या. चारी वेगळ्या आहेत.”