पत्र्यावरची थाप

आमची जुनी गाडी इतकी हलकी होती, की बंद पडली तर मी आणि बाबा ती ढकलत कांदिवलीच्या मेकॅनिककडे न्यायचो आणि वाटेत चहाही प्यायचो. दार लावलं की फरसाणाच्या डब्याचं झाकण लावल्यासारखा आवाज यायचा. काचेच्या कडेचे खांब बारीक, बॉनेट बुटकं. आत बसून समोरच्या माणसाची चप्पल कुठल्या पायाची तुटलीय तेही कळायचं. सोसायटीत लावताना बाबा पुढे उभे राहून "येऊ दे, येऊ दे" करायचे आणि "बस!" म्हणत पत्र्यावर थाप मारायचे. डफासारखी वाजायची ती.

भांडुपला एका रिक्षानं नुसतं घासलं, तर दार आत आलं. मी घाबरलो आणि उंच, जाडजूड नवी गाडी घेतली. बिल्डिंगभर सांगत फिरलो, "ट्रकनं ठोकलं तरी आपल्याला काही होणार नाही. बाहेरचा आवाजसुद्धा आत येत नाही!" आपल्याला म्हणजे आत बसलेल्यांना. बाहेरच्यांचं काय, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

दसऱ्याला पूजा झाली. बाबांनी चाकांखाली लिंबं ठेवली. मी काचा बंद करून, एसी लावून ऐटीत बसलो. बायको आरतीचं ताट घेऊन पुढे उभी, तर गाडीचा पुढचा सेन्सर तिच्यावरच टूंटूं करायला लागला. शुभकार्यात कसली कटकट, म्हणून मी ते बंद केलं. आमचं कंपाउंड उतरतं. डावीकडचं लिंबू घरंगळलं असावं आणि बाबा ते परत ठेवायला वाकले असावेत. 'असावेत', कारण मला ते दिसलेच नाहीत. तिथे बॉनेट होतं.

मी ब्रेक सोडला. बाजूला झालेली बायको तोंड उघडून हात हलवत होती. मला वाटलं, पुढे ये म्हणतेय. मी आणखी हातभर पुढे घेतली.

बाबांच्या खुब्याचं हाड मोडलं. गाडीला ओरखडाही नाही.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "थाप मारली होती रे मी. दोनदा."

"ऐकू नाही आली, बाबा."

ते म्हणाले, "म्हणजे आवाज आत येत नाही, ते खरंच होतं तर."

रोज सकाळी नॅशनल पार्कात चालायला जाणारा माणूस आता वॉकर घेऊन संडासपर्यंत जातो. डॉक्टर म्हणतात, यापुढे एवढंच. व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा न्यावं लागतं, पण माझ्या गाडीच्या उंच सीटवर त्यांना चढवत नाही. गाडी खाली झाकून ठेवलीय. आम्ही रिक्षा करतो.

दवाखाना आला की बाबा हात बाहेर काढून रिक्षाच्या पत्र्यावर थाप मारतात. रिक्षा लगेच थांबते. मी दुसरीकडे बघतो.